ब्रीदरमधून ऑइल गळतंय? आधी पाईप बघा, इंजिन नंतर

पावसाळ्याच्या तोंडावर सर्व्हिसिंग करून आणलेली बाईक दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या पार्किंगमध्ये रुपयाएवढा काळा डाग सोडते. वॉचमन खाली पुठ्ठा सरकवतो. आठवड्याभरात डाग बशीएवढा होतो, एअर फिल्टरच्या डब्याखालून तेलकट ओघळ दिसू लागतो, आणि गॅरेजात गाडी नेली की निकाल तयारच असतो: "रिंगा गेल्या, इंजिन खोलायला लागेल." खर्चाचा आकडा ऐकून गाडीवाला दोन दिवस विचार करतो आणि मग इंजिन खोलतो.

रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीची, एका जागी कापलेली कडी; वरचा गॅस आणि खालचं ऑइल त्या अडवतात. त्या जातात, नाही असं नाही. पण हा डाग बहुधा ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीचा असतो, आणि तिच्यातून ऑइल येण्याचं रिंगा हे शेवटचं कारण आहे, पहिलं नव्हे. त्याआधी तपासायच्या गोष्टींना एक पाना, एक चिंधी आणि अर्धा तास पुरतो.

## इंजिनाला श्वास कशाला लागतो

पिस्टनच्या वर पेट्रोल जळतं हे सगळ्यांना माहीत असतं. पिस्टनच्या खाली काय चालतं, तिकडे लक्ष जात नाही. खाली क्रँककेस असते, गॅरेजच्या भाषेत चेंबर. त्यात क्रँक (पिस्टनच्या वर-खाली चालीने फिरणारा दांडा) फिरतो, तळाशी ऑइल असतं आणि उरलेली जागा हवेची.

आता इंजेक्शनची सिरिंज आठवा. दट्ट्या आत ढकलला की हवा सुईतून बाहेर येते, मागे ओढला की आत जाते. 350 सीसीच्या एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन खाली येताना चेंबरमधली साधारण 350 मिलिलिटर हवा ढकलतो आणि वर जाताना तेवढीच ओढतो. इंजिन मिनिटाला 3,000 फेरे घेत असेल तर हे सेकंदाला 50 वेळा घडतं. एवढ्या हवेला ये-जा करायला वाट हवी. ती वाट म्हणजे ब्रीदर: चेंबरवरून किंवा हेडच्या (सिलिंडरच्या वरच्या भागाच्या) झाकणावरून निघणारी रबरी नळी.

चार सिलिंडरच्या इंजिनात दोन पिस्टन खाली येतात तेव्हा दोन वर जातात, त्यामुळे हवा बरीचशी आतल्या आत फिरते. एका सिलिंडरच्या गाडीला ती सोय नाही, आणि आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक बाईक एका सिलिंडरच्याच. (आरएक्स 100 सारख्या टू-स्ट्रोकवाल्यांनी हा लेख सोडून दिला तरी चालेल. त्यांच्या चेंबरमधून पेट्रोल-हवेचं मिश्रणच जातं, तिथे असा ब्रीदर नसतो.)

हवेशिवाय आणखी एक पाहुणा आत येतो. पेट्रोल जळल्यावर तयार होणारा गॅस प्रचंड दाबाखाली असतो, आणि रिंगा कितीही नव्या असल्या तरी त्यांच्या तोंडातल्या फटीतून त्यातला थोडा खाली निसटतो. याला ब्लो-बाय म्हणतात. नव्या इंजिनात तो कमी असतो, झिजलेल्या इंजिनात जास्त. शून्य कधीच नसतो.

ब्रीदर ही हवा आणि हा गॅस बाहेर सोडतो म्हणून चेंबरमधला दाब आटोक्यात राहतो. तो बंद पडला तर काय होतं, हे स्वयंपाकघरात सगळ्यांनी पाहिलंय. कुकरची शिट्टी डाळीच्या फेसाने चोंदली की वाफ झाकणाच्या रबरातून फुसफुसायला लागते. दोष रबराचा नसतो.

## पाईपमधून नेमकं काय बाहेर येतं

क्रँक आणि गिअर ऑइल उडवत असतात, त्यामुळे चेंबरमधल्या हवेत ऑइलचे बारीक थेंब तरंगतात. बाहेर पडणाऱ्या हवेबरोबर ते थेंब जातात, ब्लो-बायचा धूर जातो आणि पाण्याची वाफही जाते. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं. हिवाळ्यात सकाळी सायलेन्सरमधून टपकतं तेच पाणी.

जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये या नळीच्या तोंडाला बदकाच्या चोचीसारखा चपटा रबर असायचा. हवा बाहेर जाऊ द्यायची, आत येऊ द्यायची नाही, एवढंच त्याचं काम. निघालेलं ऑइल चेनवर सोडलेलं असायचं. चेनला वंगण मिळायचं आणि मागच्या चाकाला नको असलेला प्रसाद. आताच्या गाड्यांत ही नळी एअर फिल्टरच्या डब्याला जोडलेली असते. धूर आणि वाफ पुन्हा इंजिनात जाऊन जळतात आणि ऑइल डब्याच्या तळाशी साचतं. तिथून खाली एक बोटभर नळी लोंबते, तिचं खालचं टोक बंद असतं. पुष्कळ गाड्यांत ती पारदर्शक असते, म्हणजे आत काय साचलंय ते दिसावं. मॅन्युअलमध्ये ती ठरावीक अंतराने रिकामी करायला सांगितलेली असते. होंडाच्या मॅन्युअलमध्ये तर पावसात किंवा फुल थ्रॉटलवर चालवत असाल तर आणखी लवकर करा असंही लिहिलेलं असतं. सर्व्हिसिंगमध्ये ती बहुधा विसरली जाते. ती भरली की ऑइल डब्याच्या सांध्यातून बाहेर येतं आणि पार्किंगमधला डाग सुरू होतो.

म्हणून पहिलं काम हेच. क्लिप दाबा, नळीचं बूच काढा, खाली जुना डबा धरा. निघालेलं पाणी-ऑइल रिकामं करा, बूच परत लावा आणि ओडोमीटरचा आकडा लिहून ठेवा.

## थोडं तर येणारच ना? मग जास्त म्हणजे किती?

नळीच्या आतून ऑइलचा पातळ थर आणि हजार किलोमीटरमध्ये एखादा चमचा ऑइल साचणं, याची काळजी करू नका. नळी आठवड्यात भरत असेल, एअर फिल्टर खालून तेलाने भिजला असेल, किंवा हजार किलोमीटरच्या आत डिपस्टिकवरची (ऑइल मोजायच्या पट्टीवरची) पातळी वरच्या खुणेवरून खालच्या खुणेवर येत असेल, तर कारण शोधायला हवं.

गळती ब्रीदरचीच आहे ना, याचीही खात्री करा. चालत्या गाडीवर वारा ऑइल मागे पसरवतो, त्यामुळे हेडच्या पॅकिंगमधून निघालेलं ऑइल चेंबरच्या मागे सापडतं. इंजिन डिझेलने किंवा डीग्रीझरने धुवा, पूर्ण वाळू द्या, संशयित जागांवर टाल्कम पावडर भुरभुरा आणि दहा किलोमीटर फिरून या. ओघळ जिथून सुरू होतो तिथली पावडर सगळ्यात आधी भिजलेली असते.

## पहिला संशयित: गरजेपेक्षा जास्त ऑइल

सर्व्हिसिंगनंतर लगेच गळती सुरू झाली असेल तर इतर काही बघायच्या आधी पातळी बघा. ऑइल लिटरच्या किंवा 900 मिलिलिटरच्या बाटलीत येतं आणि "उरलेलं कशाला ठेवायचं" म्हणून ती पूर्ण उपडी होते. शिवाय इंजिन पूर्ण खोलल्यावर लागणारं ऑइल आणि नुसता ड्रेन बोल्ट काढल्यावर लागणारं ऑइल हे वेगळे आकडे आहेत. मॅन्युअलमध्ये दोन्ही दिलेले असतात आणि चुकून मोठा वाचला जातो.

शंभर मिलिलिटर जास्त झालं तर बिघडलं कुठे? ताक घुसळणारी रवी आठवा. रवी नुसती टेकलेली असेल तर ताक हलतं, खोल बुडाली तर फेस भांड्याबाहेर येतो. क्रँक आणि गिअर जास्त ऑइलमध्ये बुडाले की तसाच फेस होतो, आणि वर हवेसाठी असलेली जागाही कमी होते. फेस सरळ ब्रीदरमध्ये जातो, तिथून एअर फिल्टर, तिथून सिलिंडर. मग निळा धूर, काळा पडलेला प्लग, आणि पुन्हा तोच निकाल: रिंगा गेल्या.

पातळी मोजण्यातच निम्म्या चुका होतात. गाडी सपाट जागेवर डबल स्टँडला हवी; साईड स्टँडवर मोजलेलं मोजलंच नाही समजा. इंजिन तीन ते पाच मिनिटं चालवा, बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा. डिपस्टिक पुसा, आत घाला, काढून बघा. अनेक हिरो-होंडा इंजिनांत मोजताना डिपस्टिकचे आटे फिरवायचे नसतात, नुसती टेकवायची असते. आटे फिरवून मोजलं तर पट्टी जास्त खोल जाते आणि आहे त्याहून जास्त ऑइल दिसतं. तुमच्या गाडीची पद्धत मॅन्युअलमध्ये पाहून घ्या. काचेची खिडकी असलेल्या इंजिनात पातळी दोन खुणांच्या मध्ये दिसली पाहिजे.

जुन्या कास्ट आयर्न बुलेटची गोष्ट निराळी, आणि इथे जाणकारही फसतात. तिचं ऑइल चेंबरच्या मागच्या वेगळ्या कप्प्यात असतं. गाडी बरेच दिवस उभी राहिली की ते पंपातून हळूहळू झिरपून क्रँकखाली उतरतं. डिपस्टिक कोरडी दिसते, मालक वरून अर्धा लिटर ओततो, किक मारतो आणि ब्रीदरमधून ऑइलची पिचकारी उडते. तिच्यात इंजिन आधी काही मिनिटं चालू द्यायचं, पंपाने खालचं ऑइल मागे नेलं की मगच मोजायचं. दोन-तीन दिवसांतच सगळं ऑइल उतरत असेल तर पंप झिजलाय.

जास्तीचं ऑइल काढायला ड्रेन बोल्ट उघडायची गरज नाही. मेडिकलमधून 50 मिलिलिटरची सिरिंज आणि सलाईनची नळी आणा, डिपस्टिकच्या भोकातून आत सोडा आणि ओढा. दोन सिरिंजमध्ये बहुतेकांचं काम होतं.

आणि काढलेल्या ऑइलचा वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल आणि ऑइल न ओतता पातळी वाढली असेल, तर कार्ब्युरेटरची फ्लोट नीडल (पेट्रोल अडवणारी सुई) गळतेय आणि रात्रभर पेट्रोल इंजिनात उतरतंय. असं पातळ झालेलं ऑइल बेअरिंगचं रक्षण करत नाही. गाडी चालवू नका. कॉक बंद करा, नीडल बदला, मग ऑइल बदला.

## दुसरा संशयित: पाईप स्वतः

टाकी उतरवून परत बसवताना ब्रीदरचा पाईप फ्रेमखाली दाबला जातो. एअर फिल्टरचा डबा घाईत लावला की त्याला मोड पडते. कधी बाहेरच्या टोकाला चिखल बसतो, तर उभ्या गाडीत कुंभारमाशी घर करते. पाईप बंद झाला की ब्रीदरमधून नव्हे, तर भलतीकडूनच ऑइल येतं: गिअर शाफ्टचं सील, पुढच्या चेन स्प्रॉकेटमागचं सील, हेडचं पॅकिंग, डिपस्टिकची ओ-रिंग. नवं सील टाकलं आणि महिन्यात पुन्हा गळलं, ही तक्रार घेऊन आलेल्या गाडीचा ब्रीदर आधी तपासावा.

पाईप दोन्ही टोकांनी सोडवा. प्रकाशाकडे धरून आरपार दिसतं का बघा. आतला चिकटा गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने निघतो, नाही निघाला तर केरोसीन. पेट्रोलने काही रबर फुगतात. पूर्ण वाळवूनच लावा.

काही इंजिनांत या वाटेवर एकमार्गी झडप असते. धुतलेल्या झडपेत इंजिनाच्या बाजूने फुंकलं तर हवा गेली पाहिजे, उलट बाजूने जाता कामा नये. उलटी बसवलेली झडप म्हणजे चोंदलेला पाईपच.

बदलायचा असेल तर ऑइलला टिकणारा रबरी पाईप घ्या, आतला व्यास मूळचाच. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा कुठल्याही स्पेअरच्या दुकानात जुना तुकडा दाखवून मीटरवर मिळतो. कूलरला वापरतात तो पारदर्शक प्लास्टिकचा पाईप नको. इंजिनाच्या उष्णतेने तो आधी मऊ होऊन चपटतो, मग कडक होऊन तडकतो. बारीक पाईपही नको. बागेच्या पाईपवर अंगठा ठेवला की पाणी जोरात उडतं, तशी अरुंद नळीत हवा वेगाने धावते आणि ऑइलचे थेंब सोबत ओढून नेते.

लावताना पाईप इंजिनापासून आधी वर चढला पाहिजे, म्हणजे थेंब ओघळून चेंबरमध्ये परततात. मध्ये कुठे झोळ पडला तर तिथे ऑइल-पाणी साचतं, आणि बेसिनखालच्या वाकड्या पाईपसारखी ती वाट पाण्यानेच बंद होते.

## मुंबईचा पावसाळा आणि चहाच्या रंगाचं ऑइल

घर ते स्टेशन दोन किलोमीटर, दिवसभर गाडी स्टँडवर, संध्याकाळी परत दोन किलोमीटर. इंजिन हाताला गरम लागतं, पण आतलं ऑइल तापायच्या आधीच प्रवास संपतो. वाफ बाहेर पडत नाही, ब्रीदरच्या थंड पाईपमध्ये पाणी होते आणि ऑइलमध्ये घुसळून पिवळट पांढरा लोण्यासारखा थर तयार होतो. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत तर जास्तच. डिपस्टिकच्या झाकणावर असा थर दिसला म्हणून घाबरू नका. डिपस्टिकच्या टोकाला ऑइल स्वच्छ असेल तर हे फक्त वाफेचं पाणी आहे. आठवड्यातून एकदा गाडी सलग अर्धा तास चालवा आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा पाईप आणि डब्याची नळी रिकामी करा.

डिपस्टिकच्या टोकालाही दुधाळ चहाचा रंग असेल तर प्रकरण वेगळं. हिंदमाता, मिलन सबवे किंवा अंधेरी सबवेच्या पाण्यात गाडी बंद पडली असेल तर पाणी एअर फिल्टरच्या डब्यातून, ब्रीदरमधून किंवा सायलेन्सरमधून आत गेलेलं असतं. सेल्फ मारू नका, किकही मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून पाणी बाहेर घालवा, एअर फिल्टर बदला, ऑइल काढून स्वस्तातलं योग्य ग्रेडचं ऑइल भरा, पाच मिनिटं चालवा, तेही काढा आणि मगच चांगलं ऑइल भरा. एकदाच बदललं तर आतलं पाणी नव्या ऑइलचाही चहा करतं.

## "पाईपच्या तोंडात बोळा कोंबला तर?"

कुकरची शिट्टी दाबून धरल्यासारखं होईल. सीलं बाहेर येतील.

## "मग पाईप डब्यातून काढून खाली सोडून देतो"

हा उपाय बरेच जण सुचवतात, आणि त्याने एअर फिल्टर खरोखर कोरडा राहतो. पण ऑइल जातं कुठे? मागच्या टायरवर. पहिल्या पावसात, जेव्हा रस्ताही तेलकट असतो, तेव्हा वळणावर याचा हिशेब होतो. टायरला ऑइल लागलं असेल तर भांड्यांच्या साबणाने घासून धुवा. डिस्कचे पॅड किंवा ड्रमचे लायनर भिजले असतील तर धुण्यात वेळ घालवू नका, बदला.

शिवाय 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस 6 गाड्यांत हा धूर इंजिनातच जाळायचा असतो, हवेत सोडायचा नसतो. आणि उघड्या पाईपमधून तुंबलेल्या रस्त्यावरचं पाणी थेट चेंबरमध्ये जायचा रस्ता मोकळा होतो. मुंबईत तर हे नकोच.

## "कॅच कॅन लावला की झालं ना?"

कॅच कॅन म्हणजे पाईपच्या वाटेतला छोटा डबा. वाफ-धूर पुढे जातो, ऑइल खाली बसतं. चांगली वस्तू आहे, विशेषतः जो दर रविवारी कसारा किंवा माळशेज घाटाकडे तासन् तास वरच्या आरपीएमवर गाडी पळवतो त्याला. 200 ते 300 मिलिलिटरचा पुरतो. आत आडपडदे असलेला घ्या. रिकामा डबा थेंब अडवत नाही. भांडी घासायची तार कोंबू नका, तिचे तुकडे तुटून इंजिनात जातात. सायलेन्सरपासून लांब बसवा, पुढचं टोक परत एअर फिल्टरच्या डब्याला जोडा आणि दर हजार किलोमीटरला रिकामा करा.

तो रोग बरा करत नाही, पण मोजून देतो. हजार किलोमीटरला किती ऑइल जमलं हे लिहून ठेवलं तर इंजिन सुधारतंय की बिघडतंय ते तीन महिन्यांत कळतं.

"जाड ऑइल घाला" हा सल्लाही असाच फिरत असतो. 10डब्ल्यू-30 साठी बनवलेल्या इंजिनात 20डब्ल्यू-50 घातलं की धूर थोडे दिवस कमी दिसतो, पण थंड इंजिनात वरच्या भागाला ऑइल उशिरा पोचतं आणि क्लचही जड चालतो. कंपनीने सांगितलेली ग्रेड आणि डब्यावर जासो एमए किंवा एमए2 हे शब्द (बाईकच्या ऑइलची खूण), एवढं पाहा. कारचं ऑइल घालू नका, त्याने बाईकचा ओला, म्हणजे ऑइलमध्येच चालणारा क्लच घसरू शकतो.

## रिंगा खरंच गेल्यात, हे कसं ठरवायचं

पातळी बरोबर, पाईप मोकळा, पाणी नाही, तरी ऑइल येतंय. आता इंजिनावर संशय घ्यायला हरकत नाही.

इंजिन चांगलं तापवा, ब्रीदरचा पाईप डब्यापासून काढा आणि तोंडापाशी तळहात धरा. फुक्-फुक् असा आत-बाहेरचा श्वास लागला तर ठीक. गरम हवा सतत बाहेरच फेकली जात असेल आणि सोबत निळसर धूर असेल तर ब्लो-बाय वाढलाय. (वाटेत एकमार्गी झडप असेल तर हवा बाहेरच येणार; तिथे धुराकडे बघा.) पांढरी वाफ हवेत लगेच विरते, ऑइलचा धूर रेंगाळतो आणि त्याला वास असतो.

सायलेन्सरचा धूरही बोलतो. सकाळी सुरू करताना निळा भपका आणि मग साफ, तर बहुधा व्हॉल्व्हची सीलं. थ्रॉटल देताना आणि चढावर निळा धूर, तर रिंगा-बोअर (बोअर म्हणजे सिलिंडरची आतली भिंत).

मग कॉम्प्रेशन टेस्ट. इंजिन गरम, प्लग काढलेला, थ्रॉटल पूर्ण उघडा, गेज लावून सेल्फ किंवा पाच-सहा किका. इंजेक्शनच्या गाडीत आधी इंधन पंपाचा कनेक्टर काढा. आकडा मॅन्युअलशी ताडा. काही इंजिनांत सुरू करताना दाब सोडणारी यंत्रणा असते, तिथे आकडा मुळातच कमी येतो. आता प्लगच्या भोकातून एक चमचा ऑइल आत सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा चांगला वाढला तर ऑइलने रिंगांची फट तात्पुरती भरली, म्हणजे रिंगा किंवा बोअर झिजलाय. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेडचं पॅकिंग, आणि मग बोअर-पिस्टनचा खर्च करून काहीच हाती लागणार नाही.

नुकताच बोअर केलेल्या (सिलिंडर आतून कापून नव्या रिंगा बसवलेल्या) इंजिनातून पहिले पाचशे-हजार किलोमीटर जरा जास्त ऑइल येतं, रिंगा बसेपर्यंत. ते थांबलंच नाही तर बसवतानाच काही चुकलेलं असतं: रिंगांची तोंडं एका रेषेत आली, किंवा खूण असलेली बाजू खाली गेली.

इंजिन उघडायचं ठरलं तर समोर उभे राहा. जुनी रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या तोंडातली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजायला सांगा आणि आकडा मॅन्युअलमधल्या मर्यादेशी जुळवा. बोअर वर, मध्ये आणि खाली मोजायला सांगा. सिलिंडरला आतून कठीण मुलामा असेल तर नेहमीचं बोअरिंग चालत नाही, पूर्ण सिलिंडर घ्यावा लागतो. हे सामान आणायला जायच्या आधी विचारून घ्या. नव्या रिंगांची तोंडं 120 अंशांवर फिरवलेली आहेत का ते पाहा. आणि सगळं बंद करताना ब्रीदरचा जुना, आतून चिकटा धरलेला पाईपच परत लागत नाहीये ना, तेवढं बघा.